पाकळ्यांचा नेव्हिल

हेस्टर ऑल्सपला कुणी गोड बाई म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभा जन्म काढला, आणि ताटात वाटाणे टाकून उठलेलं एकही पोर तिच्या तावडीतून सुटलं नाही. पण उन्हाळ्यात विहीर सजवायची वेळ आली की अख्खं थॉर्नलो गाव तिच्या शब्दाबाहेर जात नसे.

आमच्या चुनखडीच्या डोंगरातली ही विहीर एका जुन्या दुष्काळातही आटली नाही, म्हणून दरवर्षी तिचे आभार मानायचे. दाराएवढी लाकडी फळी तळ्यात भिजवायची, मीठ घालून पायांनी तुडवलेली माती तिच्यावर थापायची आणि त्या ओल्या मातीत फुलांच्या पाकळ्या दाबून चित्र उभं करायचं, मग ती फळी विहिरीपाशी उभी करायची. खालून वर जायचं, कौलं घालतात तशी पाकळीवर पाकळी चढवायची, म्हणजे पाऊस निथळून जातो. कुणी वरून सुरुवात केली तर हेस्टर सगळं उपटून परत करायला लावी. बसमधून उतरलेले पाहुणे हळहळत, "एवढी मेहनत, आणि आठवड्यात सुकून जाणार?" त्यावर ती म्हणे, "तुमचं दुपारचं जेवण किती दिवस टिकतं?"

नेव्हिल तिचा एकुलता एक. ऐन विशीत गेला. दगडाच्या खाणीत कडा अंगावर कोसळला. त्यानंतर तिने त्याचं नाव घेतलं नाही, घरात त्याचा फोटो ठेवला नाही. पुढे नवराही गेला. माझी बेकरी विहिरीसमोर, तिचं घर माझ्या भिंतीला लागून. एवढ्या वर्षांत मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. आमच्याकडे याला शेजारधर्म म्हणतात. मला तो कधीकधी भित्रेपणाच वाटतो.

एका वसंतात ती मागच्या पायरीवरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. त्या वर्षी पहिल्यांदाच फळी तिच्याविना सजली. मेंढपाळाचं चित्र ठरलं होतं. चित्र आखायचा क्लिफर्ड बॅगशॉ, नेव्हिलचा जुना दोस्त. पबात क्रिकेटच्या संघाचा जुना फोटो आहे, त्यावरून त्याने मेंढपाळाला नेव्हिलचा चेहरा दिला.

"अरे, तिला विचार तरी," मी म्हटलं.

"विचारलं तर ती नाहीच म्हणणार," क्लिफर्ड म्हणाला. "सगळ्या गावाने मिळून तिला काहीतरी द्यावं असं मला वाटतंय. दुसरं काय देणार आपण?"

विहिरीपाशी पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, फळीवरचा पडदा बाजूला ओढला, आणि नेव्हिल समोर उभा राहिला. गालांवर फिक्या गुलाबाच्या पाकळ्या, डोक्यावर दगडफुलाचे केस, तेच अर्धवट हसू. हेस्टर खुर्चीत बसली होती. बराच वेळ ती बघत राहिली.

"कान मोठे केलेत," ती म्हणाली. "त्याचे कान एवढे नव्हते, क्लिफर्ड."

लोक हसले, डोळे पुसले. आम्हाला वाटलं, चांगलं झालं.

पण तो आठवडा कडक उन्हाचा निघाला. विहीर सजवण्यात हयात घालवलेल्या माणसांना एवढं सुचू नये? पाकळी सुकणारच. फुलांची मेंढरं सुकली तर कुणाला काही वाटत नाही, पण ओळखीचा चेहरा आम्ही कधी केलाच नव्हता. नेव्हिलच्या गालांवरच्या पाकळ्या आक्रसून तपकिरी झाल्या. माती वाळून कपाळावर बारीक भेगा पडल्या. ओठांचे कोपरे खाली ओढले गेले. आणि हेस्टर रोज खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसायची.

क्लिफर्ड माझ्याकडे रिकामं पोतं मागायला आला. "झाकून टाकतो," तो म्हणाला. "करायला गेलो काय अन् उलटे झाले पाय. आईच्या डोळ्यांदेखत पोर असं..." पोतं घेऊन आम्ही दोघं गेलो.

"हात लावलास तर याद राख," हेस्टर मान न वळवता म्हणाली.

"अगं, बघवत नाही," मी म्हटलं.

"मग तुला कोण बघ म्हणतंय? जा, तुझे पाव करपतील." मग म्हणाली, "काल चाळिशीचा दिसत होता. आज बघ, कपाळावर बापासारख्या आठ्या आल्यात. मला वाटायचं, वय झाल्यावर माझ्यावर जाईल. बापावरच गेला."

क्लिफर्ड पोतं तोंडावर धरून रडला. मी त्याला थांबवलं नाही. मलाही रडूच येत होतं.

रविवारी संध्याकाळी फळी उतरवली. आमची रीत अशी, की ज्यांनी सजवली त्यांनीच ती खरवडायची. माती परत पिंपात जाते. त्या दिवशी मात्र खरवडणीला कुणी हात लावेना. तोवर नेव्हिल पार म्हातारा झाला होता, आईच्या बरोबरीचा. माझ्या दंडाला धरून हेस्टर उठली आणि फळीपाशी गेली.

"तेव्हा मला त्याची शवपेटी उघडू दिली नव्हती," ती म्हणाली. "बघण्यासारखं राहिलं नाही, म्हणाले सगळे. मी ऐकलं त्यांचं."

तिने अंगठा विहिरीच्या पाण्यात बुडवला. भुवईखालची माती पुन्हा पुन्हा पाणी लावून मऊ केली आणि हळूच खाली ओढून एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. गालावर तळवा ठेवून ती तशीच उभी राहिली. तिचा सगळा भार माझ्या दंडावर आला होता.

शेवटी तिने खरवडणी उचलून क्लिफर्डच्या हातात दिली.

"आता काढ," ती म्हणाली. "पण हळू."