गुन्वोरचं डोंगरगवत

हॉल्टच्या शेतावरच्या गुन्वोरच्या तोंडाला लागायला पाद्रीबुवासुद्धा घाबरायचे. एकदा प्रवचन लांबलं, तेव्हा ही बाई पहिल्या बाकावरून म्हणाली, "बुवा, स्वर्ग कुठे पळून जात नाही. आमचं दूध मात्र तिकडे नासतंय." आता, जन्मतःच कुणी एवढं कडू नसतं. गुन्वोर कशी कडू झाली ते सगळं खोरं सांगतं, आणि दर वेळी थोडं तिखटमीठ वाढवून सांगतं.

तरुणपणी ती हॉल्टवर मोलकरीण होती आणि ऑर्मुर तिथलाच गडी. दोघांचं जमलंय हे गोठ्यातल्या गाईंनाही ठाऊक होतं. पण कसायला जमीन नाही त्याला लग्न नाही, असा उत्तरेकडच्या त्या थंड बेटावरचा कायदा. मालक ईस्लेवुर यांची पठाराच्या तोंडाशी मातीच्या भिंतींची, गवताच्या छपराची एक खोप ओस पडली होती. शेजारी दोन मेंढ्या चरतील एवढी जमीन. गुन्वोरनं तीच मागितली.

"खोप हवी?" मालक म्हणाले. "यंदा पिठाचं गलबत येईलसं दिसत नाही. गवतकापणीच्या आत कोठारातली सगळी पिंपं डोंगरगवतानं भर. स्वच्छ निवडलेलं हवं. मग खोप तुमची."

"साक्षीला कोण?"

"अगं, मी ईस्लेवुर बोलतोय!"

"म्हणूनच विचारलं, मालक."

मालकीण हाल्बेरा चुलीपाशी फिसकन हसली. साक्ष झाली.

डोंगरगवत हे गवत नव्हेच. आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचं ते लांबचं भावंड. तपकिरी, कुरळं, कडेनं बारीक काटे. दुधात शिजवलं की कडसर पेज होते, आणि हिवाळा निभतो. पण हे एकटं कधी राहत नाही. शेवाळाच्या मांडीवर बसतं, खुरट्या झुडपांच्या आडोशाला लपतं, आणि त्याच्या घड्यांत कोळी-किडे आपापले संसार थाटतात. ओलं असलं की शेवाळाच्या मांडीवरून असं अलगद सुटतं, की शेवाळाला पत्ता लागत नाही. कोरडं ओढलं तर बोटं सोलतं आणि शेवाळासकट जमिनीची कातडी निघून येते. म्हणून बायका झिमझिम असेल तेव्हाच वेचायच्या, आणि ऊन पडलं की पठारावरच्या तंबूत बसून खालच्या गावाची निंदा करायच्या. दोन्ही कामं तेवढ्याच मन लावून.

प्रत्येकीची जागा ठरलेली, आणि ती कुणी कुणाला सांगायची नाही. गुन्वोरच्या जागेवरचं गवत तळहाताएवढं रुंद. तिनं ती जागा ऑर्मुरला दाखवली. प्रेमात बायका काय काय करून बसतात, पण एवढा वेडेपणा त्या खोऱ्यात तोवर कुणी केला नव्हता.

त्या उन्हाळ्यात आभाळ कोरडं ठणठणीत. पिंपं अर्धीसुद्धा भरेनात. ऑर्मुर घोडे घेऊन वर आला.

"कापणी तोंडावर आली, गुन्वोर. चल, ओढून काढू."

"कोरडं आहे."

"मग हलकं असेल. घोडे खूश."

"घोड्यांशी लग्न करायचंय का तुला? शेवाळ उखडलं तर त्याच्या मांडीवरचं बसेल कुठे?"

"आणि पाऊस नाहीच आला तर? खोप गेली तर?"

"येईल," एवढंच म्हणून ती बायकांसाठी सुकी मासळी आणायला खाली शेतावर गेली.

परत आली तेव्हा तिच्या जागेवर काळी माती वाऱ्यावर उडत होती. ऑर्मुर हातात गवत ओढायचं दाताळं घेऊन उभा. पोती भरलेली, चेहरा नुसता फुललेला.

"बघ! एकट्यानं केलं. आपल्या दोघांसाठी."

घोडे घेऊन उतरताना अर्ध्या वाटेवर झड लागली.

हाल्बेरानं पोती टेबलावर उपडी केली. शेवाळ, काड्या, वाळू, मेलेले कोळी, आणि मधूनमधून चुरा झालेलं गवत. मालकांनी चिमूटभर तोंडात टाकलं आणि थुंकून दिलं. "हे माणसांनी खायचं?" खोप त्यांच्या भाच्याला मिळाली. त्याला तर ती नकोच होती.

"पुन्हा कधी तरी," ऑर्मुर म्हणाला.

"ज्याला एका झडीपुरतं थांबवत नाही, त्याच्याबरोबर जन्म काढू मी?" गुन्वोर म्हणाली. तो किनाऱ्यावर मासेमारीला निघून गेला. तिथे त्यानं एका विधवेशी लग्न केलं म्हणे. ती फारशी सुखी नव्हती, असंही म्हणे.

गुन्वोर मात्र दुसऱ्यांच्या चुली फुंकत राहिली. दर उन्हाळ्यात पठारावर जायची, त्या जागेशी गुडघे टेकून बघायची. वर्षानुवर्षं नुसती माती. मग केव्हा तरी हिरवट साय धरली. केस पांढरे झाले तेव्हा शेवाळ उशीएवढं झालं, आणि एका वर्षी त्याच्या मांडीवर नखाएवढं तपकिरी काही तरी बसलेलं. तिनं हात लावला नाही. कुणाला सांगितलंही नाही. त्या दिवशी ती गोठ्यात गाणं म्हणत होती; लोकांना वाटलं, बाई आजारी पडली.

ते मूठभर झालं, त्या उन्हाळ्यात ऑर्मुर दारात उभा. म्हातारा, विधुर, टोपी हातात.

"गुन्वोर, खोप रिकामी आहे. नवा मालक हो म्हणालाय. आणि हे बघ!" त्यानं रुमाल सोडला. "तुझ्या जागेवर पुन्हा आलंय! सगळंच्या सगळं आणलं तुझ्यासाठी."

खालच्या बाजूला शेवाळ लोंबत होतं. शेवाळाला माती.

"आज ऊन आहे, ऑर्मुर."

"हो ना! काय छान उघडलंय."

तिनं दूध चुलीवर ठेवलं, रुमालातलं गवत न निवडता तसंच त्यात टाकलं, आणि शिजल्यावर वाडगा त्याच्यापुढे सरकवला. पहिल्याच घासाला दाताखाली करकर झालं.

"वाळू लागतेय गं."

"लागेल," गुन्वोर म्हणाली. "खा. शेवाळाच्या मांडीवर राहू दिलं असतंस, तर त्या खोपीत आपल्याला जन्मभर पुरलं असतं ते."