राजदूतसाहेब डोन्कोरच्या घरी जेवले

यॉ असामनीने उभा जन्म घाना देशाचा राजदूत म्हणून काढला आणि त्या साऱ्या काळात त्याच्या तोंडून "नाही" हा शब्द कधी बाहेर पडला नाही. "विचार करू", "या प्रश्नाला अनेक बाजू आहेत", "आपल्या भावनांची नोंद घेतली आहे" एवढ्या भांडवलावर त्याने परदेशांत सुखाने संसार केला. निवृत्त होऊन तो आपल्या गावी, आसुआक्रोमला आला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "साहेब, तुमच्यासारखा माणूस संसदेत पाहिजे." आसुआक्रोममध्ये असं निवृत्त पोस्टमास्तरलाही म्हणतात. पण पोस्टमास्तर ते मनावर घेत नाही.

पक्षाची उमेदवारी हवी तर पक्षाच्या प्रतिनिधींची मतं हवीत, आणि मतं हवीत तर त्यांच्या घरी जाऊन उकडलेले कंद कांडून केलेला फुफू खायला हवा. यॉची थोरली बहीण अफुआ बाजारात कापड विकायची आणि स्वतः प्रतिनिधी होती. तिने आधीच बजावलं होतं, "पोटभर खा. आणि डोन्कोरच्या घरी पाणी सोडून कशाला शिवू नकोस."

क्वाकू डोन्कोर हा दुसरा इच्छुक. त्याचे ट्रक होते आणि आवाजही ट्रकचाच होता. लढत चालू असताना समोरच्याच्या घरचं अन्न खाल्लं की लढत मिटली, हे आसुआक्रोममध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. यॉलाही एकेकाळी कळत होतं.

पण मेजवान्यांत मुरलेला माणूस तो. न खाता खाल्ल्यासारखं दिसायचं ही विद्या त्याने तिथेच कमावली होती. घरोघरी तो फुफूच्या गोळ्याला बोटांनी सुबक खड्डा पाडायचा, मटणाचा तुकडा सन्मानाने एका काठावरून दुसऱ्या काठावर न्यायचा आणि रश्श्याची अशी तारीफ करायचा की ऐकणाऱ्याचंच पोट भरावं. तो गेल्यावर बायका भांडी उचलायच्या. भांडं जड लागायचं. "साहेबांना आमचं अन्न चालत नाही," अशी कुजबुज सुरू झाली आणि अफुआच्या दुकानात कापडापेक्षा टोमणेच जास्त उलगडू लागले.

अशात यॉच्या डोक्यात आलं की प्रतिपक्षाची सदिच्छा भेट राहून गेली. परदेशात हे आधी उरकतात. बहिणीला न सांगता तो डोन्कोरच्या घरी गेला. डोन्कोर बाहेरगावी होता, घरी त्याची म्हातारी आई. तिने पाणी दिलं, खुशाली विचारली आणि पामफळांचा दाट रस्सा, त्यात गोगलगाई, वर ऊन ऊन फुफू असं भांडं पुढ्यात ठेवलं. कितीतरी दिवसांचा उपाशी राजदूत ते बघून विरघळला. मुत्सद्देगिरी मनगटापर्यंत रश्श्यात बुडाली. त्याने दुसऱ्यांदा मागून घेतलं. घरी पोचण्याआधीच बातमी त्याच्या पुढे पोचली होती.

"किती खाल्लंस?" अफुआने विचारलं.

"आग्रह फार झाला," राजदूत म्हणाले.

निवडीच्या दिवशी शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. डोन्कोरने माईक घेतला. "साहेब माझ्या आईच्या हातचं जेवले. एवढं मोठं मन कुणाचं असतं? त्यांचे आशीर्वाद घेऊनच मी उभा आहे." टाळ्या पडल्या.

अफुआने भावाच्या दंडाला कडकडून चिमटा काढला. "ऊठ आणि सांग, मी माघार घेतलेली नाही. चार शब्द आहेत, यॉ. तेवढे बोल."

यॉ उठला. मांडव शांत झाला. ते चार शब्द पार जिभेपर्यंत आलेही असतील, पण तिथे पिढीजात मालक बसले होते, त्यांनी जागा दिली नाही. त्याने कोटाचं बटण लावलं. "माझे सन्माननीय मित्र डोन्कोर यांनी व्यक्त केलेल्या भावनांची मी अत्यंत आदराने नोंद घेतो. त्यांच्या मातोश्रींच्या आतिथ्याला तोड नाही."

इतकी देखणी माघार आसुआक्रोमने कधी पाहिली नव्हती. दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. डोन्कोर येऊन गळ्यात पडला, आणि यॉनेही त्याची पाठ थोपटली. सवय, दुसरं काय.

मोजणीत यॉला दोन मतं पडली. एक अफुआचं, दुसरं अफुआच्या धाकाने तिच्या जावेचं. परतताना अफुआ पुढे चालत होती. मग एकदम थांबली.

"प्रतिनिधी तर तूही होतास. तुझं मत कुठं गेलं?"

यॉने घसा साफ केला.

"दोन्ही उमेदवारांशी माझे संबंध चांगले आहेत, ताई. मी तटस्थ राहिलो."