भावाच्या हातची बीअर

माझा धाकटा भाऊ चेक प्रजासत्ताकातल्या एका लहान गावात बीअर बनवायचा. अमरावतीला फूड टेक्नॉलॉजी शिकून तो तिकडे गेला, तेव्हा घरी सांगितलं होतं की बिस्किटांच्या कारखान्यात नोकरी आहे. आमचं माहेर बाळापूरजवळचं, झेंडू-शेवंती आणि वांगी पिकवणारं. बाबा दरवर्षी मोझरीच्या आश्रमात भजनाला जाणारे, सुपारीचं खांडही न खाणारे. खरं कळलं त्या दिवशी ते फोनवर एवढंच म्हणाले, "दारू गाळाले गेला काय तू? मंग घरी फोन नको करू."

नंतरची तीन वर्षं तो मलाच फोन करायचा, अकोल्याला. "ताई, लागरले, म्हंजे आमच्या या बीअरले, घाई चालत नाई. थंड तळघरात दोन-दोन महिने ठेवा लागते." बोलता बोलता मध्येच विचारायचा, "बाबा कसे हायेत?"

गेल्या जानेवारीत कामावर जाताना त्याची सायकल बर्फावर घसरली. मागून ट्रक येत होता. देह गावी आणल्यावर बाबांनी त्याला अग्नी दिला.

एप्रिलमध्ये तिकडे त्याच्यासोबत काम करणारा एक मराठी मुलगा सुटीवर आला. भावाचे कपडे आणि स्वेटरमध्ये गुंडाळलेल्या दोन बाटल्या त्याने माझ्याकडे दिल्या. म्हणाला, "तो गेला तेव्हा त्याने बनवलेली ही बीअर टाकीतच होती. आम्ही नंतर बाटल्यांत भरली."

मी माहेरी गेले. बाबांना फक्त कपडे दाखवायचं ठरवलं होतं, पण त्यांनी स्वतःच पिशवीत हात घातला. बाटली बराच वेळ हातात धरून बसले.

"त्याच्या हातची हाये?"

"हो."

"थंडी करून पेतात ना?"

दुपारी मी दोन काचेच्या ग्लासांत ओतली, ग्लास तिरपा धरून, वर दोन बोटं फेस ठेवून, त्याने फोनवर शिकवलं होतं तशी. बाबांना म्हटलं, "लगेच गिळू नका." औषध धरावं तसा त्यांनी घोट तोंडात धरला.

"कडू हाये," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मांगून गोड लागते. खरपूस भाकरीवानी."

मीही प्यायले. आधी कापल्या गवतासारखा वास, मग स्वच्छ कडवटपणा, आणि तो ओसरल्यावर जिभेवर खरंच भाकरीच्या पापुद्र्याची गोडी. इतकं नीट काम तो करत होता आणि आम्ही त्याबद्दल आपणहून कधी विचारलंच नव्हतं.

"मले काहून नाई सांगितलं त्यानं, हे असं असते म्हून?" बाबांनी विचारलं. मग त्यांनी मान खाली घातली. "मीच बोलू नाई देलं त्याले."

ग्लास संपवून त्यांनी तो स्वतः नळाखाली विसळला आणि ओट्यावर पालथा घातला. मग तिथेच भिंतीला हात लावून उभे राहिले. त्याला अग्नी दिला तेव्हाही न रडलेले बाबा रडले.

दुसरी बाटली माझ्या फ्रीजमध्ये आहे. लागर ताजीच प्यावी, बाटलीत भरल्यावर ठेवून ती सुधारत नाही, हेही तो सांगायचा. तिच्यावरची तारीख उलटून गेली आहे. मला उघडवत नाही.