पेल्याचा काठ आणि चुंबकराव

माझे सासरे कुणाच्याही घरी गेले की आधी नमस्कार करत आणि मग खिशातून लोहचुंबक काढत. दाराची कडी, खिळा, अडकित्ता, जे हाताला लागेल त्याला तो लावून बघत. चिंचवडच्या त्यांच्या कारखान्यात सगळे त्यांना चुंबकराव म्हणायचे. त्यातलं 'राव' तोंडावर तेवढं.

कारखान्यात भट्टीत जड माल टांगायचे आकडे बनत. लालभडक तापूनही वाकू नयेत म्हणून त्या पोलादात निकेल आणि क्रोमियम मिसळत. तसल्या पोलादाला, भांड्यांच्या अस्सल स्टीललाही, चुंबक चिकटत नाही. एकदा कुणीतरी साध्या लोखंडाचा आकडा खपवला. तो तापून मेणासारखा वाकला, टांगलेला माल कोसळला आणि खाली काम करणाऱ्या माणसाचा पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून सासऱ्यांचा एकच प्रश्न असे: "वरून घासूनपुसून आलाय. आत काय आहे?" माझ्याबद्दलही त्यांनी हेच विचारलं. मी त्यांचा जावई व्हायला निघालो होतो, आणि आत काय आहे ते मलाही ठाऊक नव्हतं.

लग्नाची बोलणी तळेगावला आमच्या घरी ठरली. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. स्टीलचं तेव्हा कोण अप्रूप! आईनं मुंबईहून मागवलेले नवे पेले हौसेनं बाहेर काढले. सासऱ्यांनी सरबत संपवलं, पेला उपडा केला आणि चुंबक लावला. पोटाला चिकटला नाही. काठाला मात्र हलकेच चिकटला.

"बाई, अंग एक आणि काठ एक. भेसळ आहे."

"चुंबक चिकटू दे. तुमचे ओठ तर नाही ना चिकटले?" आई म्हणाली.

"जे घर साध्या पेल्यात फसवतं..."

"उठा! माझ्या घराला फसवं म्हणणाऱ्याची मुलगी नको मला."

लग्न मोडलं. मी कोपऱ्यात बसून उरलेलं सगळं सरबत प्यायलो. दुःखात मला तहान फार लागते.

पुढच्या रविवारी ते घामाघूम होऊन, सायकल मारत आले. हातात वाकवलेली एक पट्टी.

"बाई, चैन पडेना. कारखान्यात खात्रीच्या स्टीलचा पत्रा घेतला आणि न तापवता ठोकून वाकवला. जिथं वाकला, तिथंच चुंबक चिकटला. ठोकलं की या पत्र्याचा स्वभाव बदलतो. तुमच्या पेल्याचा काठही ठोकूनच वळवलाय. माल अस्सल आहे. चुकलो मी."

आईनं पट्टी उलटसुलट करून पाहिली. "आता आमच्या पोराला लावून बघताय का?"

"नको. त्याला अजून मार बसायचाय. लग्नानंतर बघू."

लग्न झालं, पण संशय कुठला जातोय! मी आणलेला आंबा ते हुंगून परत माझ्याच हातात देत. मी "आलोच" म्हटलं, की "कुठून?" असं विचारत. माझं घड्याळ स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघत आणि दोन्हींवर अविश्वास दाखवत.

शेवटच्या आजारपणात मी त्यांना औषध पाजायला बसलो. एरवी बाटली वाचल्याशिवाय ते थेंबही घेत नसत. त्या दिवशी मी चमचा पुढे केला आणि त्यांनी मुकाट्यानं तोंड उघडलं.

"कसलं आहे ते विचारलं नाहीत?"

"तुम्ही देताय ना, जावईबापू."

बाहेर डॉक्टर घरच्यांना सांगत होते, बरीच सुधारणा आहे. माझा विश्वास बसला नाही.