दांडीवरचे वळ

जुन्या बाजारातल्या ढिगांतून एकेक भाग वेचून मी सायकल जोडली. चाकं एकीची, सीट दुसरीची, हँडल तिसरीचं. फ्रेम मात्र दणकट मिळाली. पुढचं चाक धरणारा तिचा चिमटा मागे दबलेला होता. तो काढून मी दुसरा बसवला. असल्या जुगाडाची मला भारी घमेंड.

दसऱ्याच्या सकाळी बायको सायकलीला हळदकुंकू वाहायला आली. दांडीवरून हात फिरवताना थबकली. म्हणाली, "इथं लेकराची सीट होती हो." रंगाखाली खरंच दोन वळ होते, सीट आवळल्याचे. रंग देताना मला ते दिसलेच नव्हते.

मग तो चिमटा आठवला. समोरून धडकल्याशिवाय लोखंड तसं मागे जात नाही. आपण सुटे भाग म्हणून जे उचलतो, ते कुणाच्या तरी घरात एका क्षणात मोडलेलं असतं. लेकरू त्या दिवशी घरी असेल. असावं.

बायकोने हँडलला हार घातला, त्यातलं एक झेंडूचं फूल काढून दोऱ्याने दांडीला बांधलं. "सावकाश चालवा," एवढंच म्हणाली.

मी सायकल हातात धरून चालत निघालो. त्या दांडीवरून टांग टाकवेना.