शब्दाचे सोयरे विचारणारे यशवंतसर

हा लेख गणपतीआधी द्यायचा होता. गौरवअंकाच्या संपादककाकांनी श्रावणातच सांगून ठेवलं होतं. मी ‘देतो’ म्हणालो आणि कामाच्या शोधात वापीला निघून गेलो. परत आलो तर लिहायला बसायच्या दिवशी शिरगावचा किल्ला बघावासा वाटला, मग कुणीतरी मासवणला जत्रा आहे म्हणालं. आता काका म्हणतात, आज नाही तर तुझं पान कोरं सोडतो. म्हणून चिंचणीला सरांच्याच पडवीत बसून लिहितो आहे. समोर सर रविवारच्या वर्गासाठी सतरंजी अंथरत आहेत. मी काय लिहितो आहे हे त्यांना ठाऊक आहे, पण ते विचारणार नाहीत.

आदरणीय यशवंतसरांची पंचाहत्तरी आपण साजरी करत आहोत. त्यांची नि माझी पहिली भेट बोईसरला, टमटममध्ये झाली. गाडी भरायची होती. पुढे एक टँकर उभा होता, त्यावर इंग्रजी अक्षरं होती, आणि दिसेल ते वाचायची मला खोड. ‘कौटिऑन,’ मी पुटपुटलो.

शेजारी पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, “मोठ्यानं म्हणा. पुटपुटलेली चूक दुरुस्त करता येत नाही.”

मी मोठ्यानं म्हणालो. टमटममधलं कुणीतरी हसलं, ते हसले नाहीत. “कॉशन. म्हणजे जपून. आता सांगा, याचे सोयरे कोण?”

शब्दाला सोयरे असतात हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. मग त्यांनीच सांगितलं. डेंजर सगळ्यांत थोरला, त्याला उलट उत्तर करायचं नाही, जीव जातो. वॉर्निंग मधला, त्याचंही ऐकायचं. कॉशन धाकटा, तो फक्त हळू जा म्हणतो. आणि नोटीस ही बहीण, ती नुसतं कळवते.

“नोटिस को तो कोई पढ़ता ही नहीं, मास्टरजी,” टमटमवाला म्हणाला.

“इसीलिए तो बेचारी हर दीवार पर खड़ी है,” सर म्हणाले.

त्यांनी बोलावलं म्हणून त्याच रविवारी मी या पडवीत आलो. इथे कारखान्यातले कामगार येतात, कोळीवाड्यातल्या मुली येतात, कुणी नर्सिंगला जाणारं असतं. फी एकच, वाटेत सापडलेला एक शब्द. औषधाच्या खोक्यावरचा, बोटीच्या इंजिनावरचा, कुठलाही. आणणाऱ्यानं तो आधी स्वतः म्हणायचा, चुकला तरी चालेल. मग अर्थ, मग सोयरे. ‘प’ म्हणताना सर ओठांसमोर कागदाची पट्टी धरतात. इंग्रजी शब्दाच्या तोंडी ‘प’ आला की पट्टी हलली पाहिजे. आम्ही इथले लोक ‘आमी’, ‘तुमी’ म्हणणारे, आमच्या बोलण्यात वारा कमी. सुरुवातीला पट्टी ढिम्म असायची.

मला त्यांनी माझ्यापुरते शब्द दिले. बाबा मला वैतागून भटक्या म्हणायचे. सर म्हणाले, “स्ट्रोल म्हणजे रमतगमत चालणं. रोम म्हणजे मन मानेल तिथं फिरणं. वॉन्डर म्हणजे वाट न ठरवता भटकणं. लॉयटर म्हणजे काम नसताना एकाच जागी रेंगाळणं, त्याला मनाई असते. तुम्ही तेवढं लॉयटर करू नका, बाकी सगळं चालेल.” मी महिनोन्महिने गायब होतो. परतलो की सर कुठे होतात असं विचारत नाहीत. “तिकडून कोणता शब्द आणलात?” एवढंच विचारतात. शाळकरी पोरालाही ते अहोजाहोच करतात.

आता मूळ गोष्ट. सरांनी बरीच वर्षं पावती या अर्थाचा शब्द ‘रिसीप्ट’ असा शिकवला होता. एके दिवशी शब्दकोशात त्यांना दिसलं की त्यातला ‘प’ उच्चारतच नाहीत, शब्द ‘रिसीट’ आहे. त्यांनी सायकल काढली आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या घरोघर गेले. शिरगावला एका जुन्या विद्यार्थ्याचं दुकान आहे, तिथपर्यंत मी बरोबर होतो. “तो ‘प’ काढून टाका. चूक माझी,” सर म्हणाले.

“काडतो, सर,” दुकानदार म्हणाला. “पन गिऱ्हाईक त्या ‘प’साठी कदी परत आला नाय.”

असा माणूस यंदा म्हणाला, सत्कार झाला की वर्ग बंद. सरांना कमी ऐकू येऊ लागलं आहे. यंत्र लावून आवाज मोठा होतो, पण शेवटी ‘ट’ होता की ‘ड’ ते कळत नाही. “नीट ऐकू न येता कुणाला ‘बरोबर’ म्हणू कसं?” ते म्हणाले. “पुन्हा सायकल काढायचं वय नाही.”

पुढे वर्ग तुम्ही घ्याल का, असं त्यांनी हेमलताताईंना विचारून पाहिलं होतं. या कोळीवाड्यातल्याच, बोईसरला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत. आमच्यात सर्वांत तयार कान त्यांचा. त्या म्हणाल्या, “सर, मला इंग्रजी कुटं येतं? नुसते शब्द येतात.” सर म्हणाले, “शब्दच हवेत.” त्यावर ताई म्हणाल्या, “मग माजी चूक कोन काडनार?” तेव्हापासून त्या वर्गालाच आलेल्या नाहीत.

सरांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे सायकलला साथ देवोत, चिंचणीचा वारा त्यांना मानवो, ही आम्हा सर्वांची इच्छा. वर्गाबद्दल काय मागावं ते मला सुचत नव्हतं, म्हणूनही लेख रखडला असेल.

इथे थांबतो, कारण आत्ताच पायऱ्यांवर चपला वाजल्या. हेमलताताई आल्या आहेत, कामावरच्याच निळ्या कोटात. सरांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसल्या, कागदाची पट्टी उचलून सरांच्या हातात दिली आणि त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाल्या, “सर, तुमी पट्टी बगा. मी ऐकते.”