चार तारा आणि आक्काची भाऊबीज

माझ्या मोटारीनं उभ्या आयुष्यात एकही अपघात केला नाही. अपघात करायला जागचं हलावं लागतं.

गोष्ट निजामाच्या अमदानीतली. मी तेव्हा बीडच्या सरकारी शाळेत गणित शिकवायचो, तेही उर्दूतून. (पोरांना जे मराठीत कळलं नसतं, ते उर्दूतही कळत नव्हतं. नुकसान काही नव्हतं.) बायको जाऊन चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शाळा सुटली की घरी यायचं, कुलूप काढायचं आणि आपणच आपल्याला विचारायचं, "आलात का?" आपणच सांगायचं, "आलो." दोन्ही बाजूंनी मीच असल्यामुळे भांडण म्हणून व्हायचं नाही. बायकोशी व्हायच्या त्या भांडणांची फार आठवण यायची.

अशात एका जागीरदारांनी नवी मोटार घेतली आणि जुनी गोठ्यात लोटली. तिच्या गादीवर कोंबड्या अंडी उबवायच्या. जागीरदारांचा पुतण्या माझ्या हाताखाली गणितात पास झाला होता. (कसा झाला, ते विचारू नका.) ते खूश होऊन म्हणाले, "मास्तर, घेऊन जा तो सांगाडा!" दोन बैल जुंपून मी सांगाडा घरी आणला.

दोन वर्षं मी तिचं इंजिन खोललं, घासलं आणि पुन्हा जोडलं. सुटे भाग हरवू नयेत म्हणून पलंगावर मांडायचो. एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला चार पिस्टन. कुशीवर वळलं की पाठीला गार लोखंड लागायचं. पण कुणीतरी होतं ना शेजारी!

माझी थोरली बहीण आक्का लिंबागणेशला दिलेली. दर भाऊबीजेला ती ताट करून वाट बघायची आणि दर साली मी पोटदुखी कळवायचो. खरं कारण निराळं होतं. तिच्या भरल्या घरातून उठून परत आपल्या कुलपाकडे यायचं जिवावर यायचं. पण मोटार तयार झाली आणि माझी छाती फुगली. पत्र टाकलं, "यंदा नक्की येतो. मोटारीनं येतो!" आक्काला वाचता येत नव्हतं. तिनं ते पत्र गावातल्या एकूण एक साक्षर माणसाकडून वाचून घेतलं. झालं, सगळं गाव वेशीत उभं राहायला मोकळं!

भाऊबीजेला सकाळीच मी कोट चढवला, रुमाल बांधला, मोटारीपुढं नारळ फोडला आणि हँडल मारलं.

फाट्!

धुराड्यातून अशी तोफ सुटली की शेजारच्या काशाबाईची म्हैस दावं तोडून पसार झाली. पुन्हा हँडल मारलं. फाट्! या खेपेला जाळ पुढच्या बाजूनं, कार्बुरेटरमधून आला आणि माझ्या मिशीची डावी बाजू घेऊन गेला. तिसऱ्या आवाजाला पोलीस ठाण्यातल्या अमीनसाहेबांचा शिपाईच दारात.

"बंदूक कोन उडवतंय बे?"

"बंदूक न्हाई, मोटार हाय."

"परवाना हाय का?"

"कशाचा?"

त्याला ते ठरवता येईना. शेवटी तोही ओट्यावर बसून तमाशा बघू लागला.

मी डोकं लढवलं. इंजिनाला दोनच गोष्टी लागतात, पेट्रोल आणि ठिणगी. ठिणगी येते का बघावं म्हणून प्लगची तार हातात धरली आणि शिपायाला म्हटलं हँडल मार. ठिणगी येत होती. चांगली दणदणीत येत होती! (दाताचं दुखणं कायमचं गेलं.) मग पेट्रोल ओतलं. अर्धं मोटारीत, अर्धं कोटावर.

म्हणजे राहिली वेळ. ठिणगी नेमक्या क्षणाला पडली पाहिजे, पिस्टन वर पोचला की लगेच. मी प्लगच्या भोकातून ज्वारीची काडी आत सोडली आणि हँडल हळूहळू फिरवलं. काडी वर चढली, थांबली, उतरायला लागली. थांबली तोच नेमका क्षण! ठिणगीही तिथंच पडत होती. सगळं बरोबर! फाट्!

दुपार कलली. मला दिसत होतं, लिंबागणेशच्या वेशीतली माणसं एकेक करून घरी चालली असतील आणि आक्का ताट घेऊन उपाशी बसली असेल. भावाला ओवाळल्याशिवाय ती जेवायची नाही. इतका एकटा मी बायको गेली त्या दिवशीही पडलो नव्हतो. तेव्हा निदान आक्का शेजारी होती.

शेवटी कापसाच्या जिनिंगचं इंजिन चालवणाऱ्या इस्माईल मिस्त्रीला बोलावलं. त्यानं नुसता भोकावर अंगठा ठेवला आणि मला हँडल फिरवायला लावलं.

"मास्तर, पिस्टन वर किती डाव येतो?"

"एक डाव."

"दोन डाव! एक डाव हवा कोंडाया, एक डाव धूर फेकाया. हवा कोंडली की आंगठा ढकलतोय, तवा ठिणगी पायजे. तुमी धूर फेकताना देऊन ऱ्हायले."

"पण काडी..."

"काडीला काय कळतंय? काडी दोनी डाव वर येती!"

त्यानं चार प्लगांच्या चार तारा उपटल्या आणि जागा बदलून लावल्या. संपलं! माझी दोन वर्षं आणि अर्धी मिशी, त्याचा एक अंगठा.

मी आनंदानं उडी मारून हँडल धरलं. ठिणगी लवकर-उशिरा करायची दांडी आधी 'उशिरा'वर न्यावी लागते, हे मिस्त्री ओरडून सांगतच होता. हँडलनं उलटा झटका दिला, माझं मनगट मुरगळलं आणि मी पाठीमागच्या पेट्रोलच्या डब्यात बसलो.

मिस्त्रीनं दांडी सरकवली, सावकाश हँडल मारलं आणि मोटार चालू झाली. खरंच चालू झाली!

आणि त्याच घडीला दारात बैलांची दमणी थांबली. दाजी हाकत होते. आक्का ताट सांभाळत खाली उतरली तोच मोटारीनं गर्जना केली. बैलांनी तिथंच गिरकी घेतली आणि दाजींना घेऊन लिंबागणेशची वाट धरली. "आरं हो, हो!" हा दाजींचा आवाज वेशीपर्यंत ऐकू येत होता.

आक्का मला बघून रडायलाच लागली.

"कावून गं रडतीस?"

"वाटंनं परतेक खड्ड्यात बघत आले रे! मेंढपाळाला इचारलं, गुराख्याला इचारलं, मोटार उलटलेली दिसली का म्हनून. आन् तू घरीच हायेस!"

मिस्त्रीनं इंजिन बंद केलं. आक्कानं निरांजन लावलं, तसा मी बोंबललो, "लांब! आक्का, लांब धर! आंगावर पेट्रोल हाय!"

मग पंधरा हातांवरून तिनं मला ओवाळलं. कुंकू मिस्त्रीनं आणून माझ्या हातावर ठेवलं, मी माझं मीच लावलं.

तिसऱ्या दिवशी दाजींचा निरोप आला, "बैल बीडकडं तोंड करीत न्हाईत. भावाला म्हनावं, मोटारीनं आणून सोड." म्हणजे माझा हात बरा होईपर्यंत आक्का राहणार! घरात चूल पेटली. "असं बसू नगंस, तसं खाऊ नगंस" सुरू झालं. दिवसातून चारदा कडाक्याचं भांडण! हात आठव्या दिवशी बरा झाला. फडकं मी अकराव्यापर्यंत बांधून ठेवलं.

बाराव्या दिवशी ती म्हणाली, "लई झालं दत्तू. उद्या मोटार काढ."

दुपारी आक्का आडवी झाली तेव्हा मी हळूच जाऊन चारही तारा उपटल्या आणि भलत्याच जागी खोचल्या. सकाळी हँडल मारलं. फाट्! मी चेहरा पाडला. "बिघडली गं. मिस्त्री पण गावी गेलाय."

आक्कानं आणखी चार दिवस काढले. मग ओळखीची एक गाडी लिंबागणेशला निघाली, तीत बसली. बसता बसता म्हणाली, "तारा उपटताना बघितलं मी तुला. पुढच्या साली नुसतं 'ऱ्हा' म्हन. ऱ्हाते की!"

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी तारा परत लावायला गेलो. मिस्त्री खरोखरच गावी गेला होता आणि कुठली तार कुठं होती, हे मला आठवेना. चार तारा चार जागी लावायच्या फक्त चोवीस तऱ्हा असतात. मी एकतीस लावून पाहिल्या.